झिलईचे यंत्र आणि नवशिका हात

नवी मोटार दारात उभी राहिली म्हणजे घरात काही दिवस सणाचे वातावरण असते. तिला हार घातला जातो, चाकाखाली लिंबू ठेवले जाते आणि मुले तिच्या दारात आपले प्रतिबिंब न्याहाळतात. पुढे दोन-तीन वर्षे लोटतात. एखाद्या सकाळी ऊन तिरपे पडलेले असता मालकाची दृष्टी सहज बॉनेटकडे वळते, आणि सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या असंख्य बारीक रेषा त्यास दिसू लागतात. रंग कोठे उडालेला नसतो, पत्राही कोठे चेपलेला नसतो. पण ते पूर्वीचे आरशासारखे तेज मात्र गेलेले असते.

वस्तुतः या रेषा वर्तुळाकार नसतात. त्या सर्व दिशांनी ओढल्या गेलेल्या सूक्ष्म ओरखड्यांच्या रेषा होत. त्यांपैकी ज्या प्रकाशाला आडव्या पडतात तेवढ्याच डोळ्यांना दिसतात, म्हणून त्यांचे जाळे प्रकाशाभोवती गोल फिरल्यासारखे भासते. त्यांचे मूळ बहुधा घरच्याच व्यवस्थेत असते. पहाटे गाडी पुसणारा मनुष्य एकच बादली व एकच फडके घेऊन चार-पाच गाड्या पुसून काढतो. फडक्यात अडकलेले धुळीचे कण प्रत्येक हाताबरोबर रंगावर घासले जातात. पांढऱ्या गाडीवर हे ओरखडे सहसा लक्षात येत नाहीत. काळ्या किंवा गडद निळ्या गाडीवर ते लपत नाहीत.

अशा वेळी हौशी मालकाच्या मनात येते की, गॅरेजमध्ये दर वेळी पैसे मोजण्यापेक्षा एक पॉलिशिंग मशीन घरीच घ्यावे. विचार वाईट नाही. परंतु बाजारात पाहू जाता एकासारखी एक दिसणारी नाना यंत्रे मांडलेली असतात, आणि विक्रेता प्रत्येकाच्या शक्तीचे व वेगाचे आकडे सांगतो. अशा वेळी सर्वांत जोरकस यंत्र तेच सर्वांत उत्तम, असे नवशिक्यास वाटणे स्वाभाविक आहे. हा समज किती महागात पडू शकतो, हे कळण्यासाठी आधी झिलई म्हणजे काय हे नीट समजून घेतले पाहिजे.

आपल्याकडे तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करण्याची चाल होती. कल्हईवाला भांडे तापवून त्यावर कथलाचा नवा थर चढवीत असे. म्हणजे भांड्यात भर पडत असे. मोटारीची झिलई हीदेखील अशीच काही भर असावी, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नाही. मोटारीचे पॉलिश हे कल्हईपेक्षा भांडे घासण्याशी अधिक मिळतेजुळते आहे. ओरखडा बुजवला जात नाही. त्याच्या भोवतालचा पृष्ठभाग घासून ओरखड्याच्या तळाच्या पातळीपर्यंत खाली आणला जातो, आणि त्यामुळे ओरखडा नाहीसा होतो. शेवटी चोळतात ते वॅक्स तेवढे वरून घातलेले असते, आणि तेही काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी निघून जाते.

आता जे घासावयाचे ते किती जाड आहे? आजच्या बहुतेक गाड्यांच्या पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा थर आणि सर्वांत वर क्लिअर कोट म्हणजे पारदर्शक लेप, अशी रचना असते. या सर्वांची एकत्र जाडी साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन भरते. १ मायक्रॉन म्हणजे १ मिलिमीटरचा हजारावा भाग. यातील वरचा पारदर्शक लेप सुमारे ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे वर्तमानपत्राच्या एका कागदाहूनही पातळ असतो. चकाकी याच लेपाची असते. सूर्याच्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षण करणारी द्रव्येही याच लेपात मिसळलेली असतात. हलक्या पॉलिशने त्यातील एखादा मायक्रॉन जातो. जाड कंपाउंड व कठीण पॅड यांनी त्याच्या अनेक पट जातो. जे गेले ते पुन्हा रंगकाम केल्यावाचून परत येत नाही.

पूर्वीची स्थिती निराळी होती. १९२३ साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीचे ‘ड्युको’ नावाचे रोगण जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर वापरले गेले, आणि मोटारींच्या रंगकामात क्रांती झाली. आधीची व्हार्निशे वाळण्यास आठवडे लागत. हे रोगण काही तासांत वाळे. आपल्याकडे फर्निचरवर फवारून देतात त्या गुळगुळीत रंगाला सुतार मंडळी आजही ‘ड्युको’ म्हणतात, ते याच नावावरून. अशा रोगणात रंग व चकाकी एकाच थरात असे. ते घासले असता गाडीचा रंग फडक्यावर उतरे, आणि आपण किती घासतो आहोत याची सूचना कारागिरास आपोआप मिळे. १९८० नंतर पारदर्शक लेपाची पद्धत हळूहळू सार्वत्रिक झाली आणि ही सूचना बंद पडली. आज लेप झिजत असता फडक्यावर रंग उतरत नाही. लेप संपून खालचा रंग उघडा पडतो, तेव्हाच चूक ध्यानात येते. सारांश, नवशिक्याने यंत्र निवडताना ते किती काम करते हा प्रश्न दुसरा. आपल्या हातून चूक झाली असता ते किती नुकसान करते, हा पहिला.

या कसोटीवर आता यंत्रांचे मुख्य प्रकार पाहू.

पहिला प्रकार रोटरी यंत्राचा. गॅरेजमध्ये जुन्या कारागिरांच्या हाती बहुधा हेच दिसते. याची रचना जात्यासारखी आहे : मध्ये अक्ष स्थिर आणि त्याभोवती तबकडी एकाच दिशेने फिरत राहणार. वेग मिनिटाला सुमारे ६०० पासून ३००० फेऱ्यांपर्यंत असतो. १५० मिलिमीटर व्यासाचे पॅड मिनिटाला १५०० फेऱ्यांनी फिरू लागले, म्हणजे त्याची कड ताशी ४० किलोमीटरहून अधिक वेगाने रंगावरून धावते. मध्यबिंदू मात्र जागच्या जागी असतो. घर्षण कडेशी एकवटते आणि उष्णता झपाट्याने वाढते. यंत्र किंचित कलले किंवा एका जागी क्षणभर थांबले, तरी लेप तापून करपू शकतो. बॉनेटच्या कडा, दाराच्या घड्या आणि पत्र्यावरील उंच रेषा येथे लेप मुळातच पातळ असतो, आणि पॅडचा सारा भार त्या अरुंद जागेवर येतो. तेथे काही सेकंदांत रंग उघडा पडल्याची उदाहरणे घडतात. शिवाय अननुभवी हाताने रोटरी चालविली असता उन्हात हलणाऱ्या धुरकट पट्ट्या उमटतात, त्यांना कारागीर ‘होलोग्राम’ म्हणतात. कुशल हातात हे यंत्र अप्रतिम काम करते, यात संशय नाही. पण ते कौशल्य शिकण्याची जागा आपल्या घरची गाडी नव्हे.

दुसरा प्रकार ड्युअल ॲक्शन म्हणजे दुहेरी गतीच्या यंत्राचा. घरातील पितळेचा तांब्या घासताना हात कसा चालतो ते आठवावे. आपण एका ठिकाणी बोट रोवून ते गरगर फिरवीत नाही. लहान लहान वर्तुळे काढीत हात पुढे सरकवतो. या यंत्रात तबकडी मोटरच्या अक्षावर नेमकी बसविलेली नसते, ती थोडी बाजूला बसविलेली असते. त्यामुळे ती लहान वर्तुळांत घुमत राहते, आणि शिवाय एका मोकळ्या बेअरिंगवर स्वतःभोवतीही फिरते. घुमणे मोटरच्या बळावर होते. स्वतःभोवती फिरणे मात्र मोकळे असते. म्हणून यंत्र फार दाबले किंवा कडेवर कलते धरले, की तबकडीचे फिरणे मंदावते आणि बहुधा थांबते. अनुभवी कारागिरास ही अडचण वाटते. नवशिक्यास तीच संरक्षक ठरते, कारण चूक होऊ लागताच घासण्याचे काम मंदावते. उष्णताही कमी साचते आणि होलोग्राम सहसा पडत नाहीत.

तिसरा प्रकार या दोहोंच्या मधला. यात तबकडी घुमतेही आणि दातेरी चक्रांच्या योगे सक्तीने फिरतेही. दाबले तरी ती थांबत नाही. जर्मनीतील फ्लेक्स कंपनीचे एक्ससी ३४०१ हे या जातीचे प्रसिद्ध यंत्र होय. खोल ओरखड्यांवर त्याचा उपयोग होतो; तथापि ते हातातून एका बाजूस ओढ घेते, आणि उष्णताही अधिक निर्माण करते. याकडे दुसऱ्या प्रकारावर हात बसल्यानंतर वळावे.

याखेरीज तीन वस्तू स्वस्त म्हणून पुढे केल्या जातात. एक म्हणजे लोखंड कापण्याच्या ग्राइंडरला फोमची चाकी लावणे. ४ इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेऱ्या घेतो. १०० मिलिमीटरच्या चाकीची कड तेव्हा ताशी २०० किलोमीटरच्या पुढे जाते. हे साधन मोटारीच्या रंगाजवळही आणू नये. दुसरी वस्तू म्हणजे दोन मुठींचे मोठे, कापडी टोपी घातलेले यंत्र. ते निरुपद्रवी असते, पण त्याने वॅक्स पसरण्यापलीकडे काही होत नाही. ओरखडे जसेच्या तसे राहतात. तिसरी वस्तू लाकूडकामातील गोल सँडर. तो दिसावयास ड्युअल ॲक्शन यंत्राचा भाऊच वाटतो; परंतु त्याची वर्तुळे फार लहान व गती फार मोठी असते, कारण तो कागद घेऊन लाकूड घासण्यासाठी बनविलेला आहे. झिलईच्या कामी तो येत नाही.

तेव्हा नवशिक्याने मोकळ्या फिरण्याचे ड्युअल ॲक्शन यंत्र घ्यावे, येथवर निवड झाली. आता त्यातही कोणते? येथे एक आकडा मुख्यतः पाहावा, त्यास ‘थ्रो’ म्हणतात. तबकडी ज्या वर्तुळात घुमते त्या वर्तुळाचा तो व्यास होय. ८, १२, १५ व २१ मिलिमीटरचे थ्रो बाजारात आढळतात. १५ व २१ चे थ्रो इटलीतील रुपेस कंपनीच्या ‘बिगफूट’ यंत्रांमुळे विशेष प्रचारात आले. थ्रो मोठा तितके काम जलद आणि सपाट पत्र्यावर हात सुखावणारे. पण वळणदार जागी मोठ्या थ्रोचे यंत्र धडपडते व त्याचे फिरणे वारंवार थांबते. थ्रो लहान तितका यंत्रावर ताबा अधिक, काम मात्र सावकाश. आपल्याकडील गाड्या बहुधा आटोपशीर आकाराच्या असतात आणि त्यांच्या अंगावर वळणेही पुष्कळ असतात. म्हणून १२ किंवा १५ मिलिमीटरचा थ्रो आणि १२५ मिलिमीटरची, म्हणजे ५ इंची तबकडी, ही जोडी बहुतेक घरांस पुरेशी होते. गाडी अगदीच लहान असेल, तर ८ मिलिमीटरचा थ्रो घेण्यासही हरकत नाही. २१ मिलिमीटर व ६ इंची तबकडी हे प्रकरण मोठ्या गाड्यांच्या रुंद बॉनेटसाठी ठेवावे.

शक्तीचा म्हणजे वॅटचा आकडा फारसा मनावर घेऊ नये. त्यापेक्षा पुढील गोष्टी दुकानातच पाहून घ्याव्यात. वेग कमी-अधिक करण्याचे बटण असावे, आणि कळ दाबताच यंत्र हिसका न देता हळूहळू वेग घेणारे असावे. यंत्र दोन्ही हातांनी धरून काही मिनिटे रिकामे चालवून पाहावे. मुंग्या येतील इतकी थरथर असेल, तर बॉनेट पुरे होण्याच्या आधीच हात थकतो, आणि थकलेला हात चुकतो. वजन २ ते ३ किलोच्या दरम्यान असते. दाराच्या खालच्या भागावर ओणवे होऊन काम करताना त्यातील अर्धा किलोदेखील जाणवतो. तबकडी, पॅड व कार्बन ब्रश हे सुटे भाग गावात मिळतात की नाही, याची चौकशी यंत्राचे पैसे देण्यापूर्वी करावी, नंतर नव्हे.

विजेचाही एक मुद्दा आहे. पुष्कळ मराठी घरांतील मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असते, आणि तिकडून येताना असे यंत्र आणण्याचा मोह होतो. अमेरिकेतील वीज १२० व्होल्टची, आपली २३० व्होल्टची. तिकडचे यंत्र येथे सरळ जोडले तर त्याची मोटर जळते; योग्य क्षमतेचा ट्रान्स्फॉर्मर घेऊ म्हटले तर तो अवजड व खर्चिक पडतो. येथील विजेवर चालणारे यंत्रच घ्यावे हे बरे. सोसायटीच्या वाहनतळावर घरापासून वायर ओढावी लागत असेल, तर ती जाड तारेची, तीन पिनांची व अर्थिंग असलेली असावी. काम करताना वायर खांद्यावरून पाठीमागे टाकावी, म्हणजे ती पॅडमध्ये अडकत नाही व रंगावर घासतही नाही. बॅटरीवर चालणारी यंत्रेही उत्तम मिळतात. मात्र ती वजनाने जड व किमतीने अधिक असतात, आणि एका बॅटरीवर सबंध गाडी होत नाही.

यंत्राइतकेच पॅड महत्त्वाचे, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. एकच यंत्र लोकरीच्या पॅडने भराभर लेप कापते आणि मऊ फोमच्या पॅडने नुसती चमक आणते. नवशिक्याने लोकर व मायक्रोफायबरची पॅडे पहिल्या खरेदीत घेऊच नयेत. मध्यम फोमची दोन-तीन व मऊ फोमची दोन-तीन पॅडे, एक बारीक पॉलिश, एक मध्यम पॉलिश, कडांवर लावण्याची कागदी चिकटपट्टी आणि डझनभर स्वच्छ मायक्रोफायबर फडकी एवढा सरंजाम पुरतो. सर्व पैसे यंत्रावर खर्चून एकाच पॅडने सारी गाडी घासण्यापेक्षा, यंत्र थोडे साधे घेऊन पॅडे अधिक घेणे शहाणपणाचे होय. भरलेले पॅड अधिक तापते आणि सुटलेले कण पुन्हा रंगावरच फिरवते.

पहिला प्रयोग गाडीवर करण्यापूर्वी भंगारवाल्याकडून एखादे जुने बॉनेट आणावे. दोन-तीनशे चौरस सेंटिमीटर जागा मुद्दाम बिघडवून पाहावी. कडेवर यंत्र धरले असता काय होते, ते तेथेच कळू द्यावे. तबकडीच्या काठावर पेनाने एक ठळक रेघ काढून ठेवावी. काम चालू असता ती रेघ फिरताना दिसली, म्हणजे दाब योग्य आहे. ती एका जागी थरथरत राहिली, म्हणजे दाब अधिक झाला किंवा पॅड कलले, असे समजावे.

मग गाडी सावलीत, थंड पत्र्यावर, स्वच्छ धुऊन घ्यावी. क्ले म्हणजे मातीसारखा मऊ गोळा ओला करून फिरवला असता, धुऊनही न गेलेले चिकट कण निघून येतात. कडा, रबर व काळे प्लास्टिक यांवर चिकटपट्टी लावावी. बॉनेटच्या मध्यावर सुमारे ५० सेंटिमीटर लांबीरुंदीचा एक चौकोन घ्यावा आणि त्यावर सर्वांत मऊ पॅड व सर्वांत बारीक पॉलिश यांनी आरंभ करावा. वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पुरतात. कमी वेगात ते पसरून मग मध्यम वेगावर, यंत्र पत्र्याशी सपाट ठेवून, हात अगदी सावकाश उभा व आडवा न्यावा. चार-सहा फेऱ्यांनंतर थांबून पुसावे. पॉलिशमधील तेलाने ओरखडे तात्पुरते झाकले जातात, म्हणून पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने ती जागा पुसून, मग विजेरीच्या प्रकाशात पाहावी. पुरेसा फरक पडला असेल, तर साऱ्या गाडीला तोच योग ठेवावा. पडला नसेल, तरच एक पायरी वर चढावे.

येथे मोहाचा क्षण येतो. दहांपैकी आठ ओरखडे गेलेले असतात, दोन राहतात, आणि तेही काढावेत असे वाटते. जो ओरखडा नखास अडकतो, तो लेपात फार खोल गेलेला असतो. त्याच्या मागे लागणे म्हणजे एका रेषेसाठी भोवतालचा सारा लेप गमावणे होय. तो तसाच राहू द्यावा. त्याचप्रमाणे जुन्या गाडीचा एखादा भाग पूर्वी अपघातात रंगविलेला असेल, किंवा ती अनेकदा गॅरेजमध्ये घासलेली असेल, तर रंगाची जाडी मोजणारे छोटे उपकरण कोणाकडून तरी लावून घेतल्याखेरीज यंत्र हाती घेऊ नये. या मोजणीने सर्व थरांची मिळून जाडी कळते, एकट्या पारदर्शक लेपाची नव्हे. तथापि शेजारच्या भागाहून आकडा बराच कमी आला, तर तेवढी सूचना पुरेशी असते. बंपर प्लास्टिकचा असल्यामुळे ही साधी उपकरणे त्यावर चालत नाहीत, आणि प्लास्टिक उष्णता पत्र्यासारखी वाहूनही नेत नाही. तेथे हात दुप्पट सावध हवा. ज्यांच्या गाडीच्या लेपावर ठिकठिकाणी पांढुरके पापुद्रे सुटले आहेत, त्यांनी यंत्र विकत घेण्याच्या भानगडीत पडू नये. तेथे झिलईला लेपच उरलेला नसतो. ते रंगाऱ्याचे काम आहे.

आणि सर्व यथासांग पार पडून गाडी पुन्हा आरशासारखी झाली, तरी एक काम उरतेच. दुसऱ्या दिवशी पहाटे तीच बादली व तेच फडके घेऊन गाडी पुसली गेली, तर काही महिन्यांतच ते जाळे पुन्हा दिसू लागेल, आणि पुन्हा यंत्र काढावे लागेल. पातळ लेपाला असे किती वेळा घासता येईल? म्हणून धुण्याच्या साबणपाण्याची एक आणि फडके खळबळण्याची दुसरी अशा दोन बादल्या ठेवाव्यात. कोरड्या धुळीवर फडके फिरवू नये. आणि गाडी पुसणाऱ्यास हे रागाने नव्हे, तर समजावून सांगावे, स्वच्छ फडकीही आपणच द्यावीत. ज्या घरात एवढी काळजी घेतली जाते, त्या घरात झिलईचे यंत्र वर्षातून फार तर एकदा कपाटातून बाहेर निघते, आणि तेही मऊ पॅड लावून. नवशिक्याने घेतलेले यंत्र चांगले निघाले, याची याहून दुसरी खूण नाही.